आधी ठेका, मग वार: ‘क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर’ खेळायचा क्रम

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात रविवारी दुपारची जेवणं आटोपली की पाच-सहा मुलं माझ्या लॅपटॉपभोवती बसतात. खेळ ठरलेला: ‘क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर’. ही सगळी बडोद्याची मुलं. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळतात, दोन ताळी-तीन ताळी कधी चुकवत नाहीत, त्यांतली निम्मी तबल्याच्या क्लासला जातात. तरीही पहिल्या मजल्यावर दोन मिनिटांत मरतात आणि म्हणतात, “मामा, मी तर बरोबर दाबत होतो!”

खरं तर बऱ्याचदा ती बरोबरच दाबत असतात. बिनसतो तो क्रम. आवाजाचा उशीर न तपासता खेळ सुरू होतो, ठेका अंगात बसायच्या आधी लढाई सुरू होते आणि शत्रूची चाल कळायच्या आधी नाण्यांच्या मागे पळणं सुरू होतं. म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौकोनी फरश्यांचं तळघर असतं आणि मागे गाणं वाजत असतं. गाण्याच्या एका ठोक्याला एकच कृती करता येते. चालणं, भिंत खणणं, वार करणं हे सगळं चार बाणांच्या कींवरच होतं. ज्या दिशेला शत्रू असेल त्या दिशेची की दाबली की वार होतो, तिथे माती असेल तर फावडं चालतं, जागा मोकळी असेल तर पाऊल पडतं. शत्रूही ठोक्यावरच हलतात. ठोका सोडून दाबलं तर तुमची ती पाळी फुकट जाते, शत्रूची जात नाही.

## टप्पा १: आवाजाचा उशीर मोजा आणि काढा

हा टप्पा सगळे टाळतात आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. म्हणून इथे वेळ घालवा.

पहिल्या मजल्याचं गाणं मिनिटाला ११५ ठोक्यांचं आहे. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये साधारण ५२२ मिलिसेकंद. साध्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज कानापर्यंत यायला अनेकदा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. गाणं ऐकताना हे कळत नाही, कारण सगळंच गाणं तेवढं मागे असतं. इथे मात्र तुम्ही ऐकून दाबता आणि तोवर खेळातला ठोका होऊन गेलेला असतो. तिसऱ्या मजल्यावर वेग १४० होतो, दोन ठोक्यांतलं अंतर ४२९ मिलिसेकंदांवर येतं. २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तिथे जवळजवळ अर्धी मात्रा. अर्ध्या मात्रेच्या फरकाने कितीही चांगला तबलजी साथ करू शकणार नाही.

माझा भाचा महिनाभर असाच खेळला. ठेका पक्का, तरी दर चार ठोक्यांत एक चुकायचा. शेवटी त्याने स्वतःहून थोडं आधी दाबायची सवय लावून घेतली. मग एक दिवस वायरचे हेडफोन लावले तर सगळंच आधी पडायला लागलं. ती सवय मोडायला आणखी पंधरा दिवस गेले. आधी नीट जुळवणी केली असती तर दीड महिना वाचला असता.

करायचं ते या क्रमाने:

१. वायरचे हेडफोन लावा. ते नसतील तर लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर चालेल.

२. टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. चित्र सुंदर करण्याच्या नादात बरेच टीव्ही ते उशिरा दाखवतात.

३. लॅपटॉपचा चार्जर लावा आणि बॅटरी वाचवणारा मोड बंद करा. मागे ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या असतील तर त्या मिटा. चित्र मध्येच अडखळलं की ठेका त्याच्याबरोबर तुटतो.

४. आता खेळाच्या ऑप्शन्समध्ये जाऊन लेटन्सी कॅलिब्रेशन करा. तिथे ठोक्याबरोबर की दाबत राहायचं, खेळ फरक मोजून घेतो.

कॅलिब्रेशनच्या वेळी पहिले सात-आठ ठोके नुसते ऐका. ऐकत ऐकत मान डोलू लागली की मग दाबायला लागा. आवाजाची जुळवणी करताना डोळे मिटलेले बरे. दोनदा करा. दोन्ही वेळेला आकडा जवळपास सारखा आला तर तो खरा. फार वेगळा आला तर तुमचा हात अजून स्थिर झालेला नाही. पाणी प्या, पाच मिनिटांनी पुन्हा करा.

सावध: नवरात्रात गल्लीत गरब्याचे स्पीकर चालू असताना कॅलिब्रेशन करू नका. बाहेरचा ढोल नकळत हातात शिरतो.

सावध: हेडफोन बदलले, टीव्ही बदलला किंवा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बसलात की हा टप्पा पुन्हा पहिल्यापासून. “माझं आधीच केलेलं आहे” असं म्हणून चालत नाही, कारण उशीर त्या यंत्राचा असतो.

ब्लूटूथच वापरायचं असेल तर कॅलिब्रेशनने काही प्रमाणात भागतं. पण तो उशीर नेहमी सारखा राहत नाही आणि वाराचा आवाज मागून येतच राहतो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

## टप्पा २: बोटं कुठे ठेवायची

बाणांच्या कींवर तीन बोटं ठेवा: तर्जनी डावीकडच्या कीवर, मधलं बोट वर-खालीच्या कींवर, अनामिका उजवीकडच्या कीवर. मनगट टेकलेलं असू द्या. एका बोटाने चारही की शोधणारी मुलं दिशा बदलताना हमखास उशीर करतात.

की दाबून धरायची नाही. टिचकीसारखी दाबायची आणि लगेच सोडायची.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. या खेळात दोन बाण एकत्र दाबले की बॉम्ब टाकणं, जवळची वस्तू वापरणं अशा गोष्टी होतात. एक बोट उचलायच्या आत दुसरं पडलं की हातातला एकुलता बॉम्ब पायाशी पडतो आणि मुलं विचारतात की हा आला कुठून. कंट्रोल्समध्ये जाऊन बॉम्ब आणि वस्तूंसाठी डाव्या हाताला वेगळ्या की देऊन ठेवा. मग उजवा हात फक्त चालायला आणि मारायला मोकळा राहतो.

## टप्पा ३: लढाई न करता ठेका धरा

आता खेळ सुरू करा, पण कोणालाही मारायचं नाही. पहिल्या झोनचा, म्हणजे तळघराच्या पहिल्या विभागाचा, पहिला मजला उघडा आणि जिथे सुरुवात होते त्या मोकळ्या जागेत फक्त दोन पावलं उजवीकडे, दोन डावीकडे, एवढंच करत राहा.

स्क्रीनच्या खालच्या बाजूला मध्यभागी एक हृदय धडधडतं आणि दोन्ही बाजूंनी उभ्या रेघा त्याच्याकडे सरकत येतात. रेघ हृदयाशी पोचते तो ठोका. नवा माणूस तिथे टक लावून बसतो. ही सवय पहिल्याच दिवशी मोडा. खाली बघणाऱ्याला वर चालून येणारा सांगाडा दिसत नाही. शिवाय डोळ्याने पाहून दाबलेली की नेहमी थोडी मागे पडते. ठेका कानाने घ्यायचा, डोळे फरश्यांवर ठेवायचे.

आमच्याकडे मी मुलांना केरव्याचे बोल म्हणायला लावतो, आणि याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही:

धागे – नति – नक – धिन

प्रत्येक जोडी म्हणजे खेळातला एक ठोका. जोडीतल्या पहिल्या अक्षराला की दाबायची: धा, न, न, धि. दुसऱ्या अक्षराला बोट उचलायचं: गे, ति, क, न. याने दोन कामं एकदम होतात. दाबण्याची जागा पक्की होते आणि की दाबून धरायची सवयही सुटते, कारण बोट उचलायलाही आता स्वतःचं अक्षर मिळालेलं असतं. मोठ्याने म्हणा. ओठांतल्या ओठांत म्हणणारे पहिल्या संकटात बोल गिळतात.

तबला शिकलेल्यांची एक खास चूक असते: त्यांना मध्ये तिरकिट घालावंसं वाटतं. इथे दुगुन, म्हणजे दुप्पट लय, नाही. एका ठोक्याला एक कृती, बस.

गरब्याच्या सवयीची अडचण वेगळी आहे. आपल्या गरब्याच्या पुष्कळशा चाली सहा मात्रांच्या, दादऱ्याच्या अंगाने जाणाऱ्या. तिथे एका ताळीच्या पोटात तीन झोके असतात. या गाण्यांत ठोक्याचे दोन-दोन, चार-चार असे सरळ भाग पडतात. गरब्यात मुरलेल्या मुलीचं बोट दोन ठोक्यांच्या मध्ये एक जास्तीचा झोका घेतं आणि ‘चुकला’ अशी खूण येते. माझ्या पुतणीचं असंच व्हायचं. तिला दोन दिवस फक्त बोल म्हणत टाळ्या द्यायला लावल्या, कीबोर्डला हातच लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी ती वाड्यातल्या सगळ्या मुलग्यांच्या पुढे होती.

तपासा: खालच्या रेघांवर कागदाची पट्टी चिकटवा आणि दोन-दोन पावलांचा खेळ ३२ ठोके चालवा, म्हणजे ‘धागे नति नक धिन’ आठ वेळा. एकही ठोका चुकला नाही तरच पुढे चला. चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून.

## टप्पा ४: बार्ड घेऊन शत्रूंची चाल पाठ करा

या खेळात बार्ड नावाचं एक पात्र आहे. त्याला ठेक्याचं बंधन नाही. तुम्ही हललात की शत्रू हलतात, तुम्ही थांबलात की तेही थांबतात. बरेच जण याला ‘सोपा मोड’ म्हणून नाकं मुरडतात, आणि ते चूक आहे. बुद्धिबळाचा पट समोर ठेवून चाली अभ्यासाव्यात, तसा बार्डचा उपयोग करायचा.

पहिल्या झोनमध्ये हे पाठ झालं पाहिजे:

हिरवा चिखलगोळा जागच्या जागी उड्या मारतो, सरकत नाही. निळा एका आड एक ठोक्याला वर-खाली जातो आणि साध्या खंजिराचे दोन वार खातो. केशरी दर ठोक्याला चार फरश्यांच्या चौकोनात फिरतो. निळं वटवाघूळ एका आड एक ठोक्याला, पण कुठल्याही दिशेला उडतं. लाल वटवाघूळ दर ठोक्याला. प्रेत नाकासमोर सरळ चालत राहतं.

सांगाडे सर्वांत महत्त्वाचे. ते एका आड एक ठोक्याला तुमच्याकडे येतात आणि चाल करायच्या आधी हात वर करतात. पांढरा एका वाराने पडतो, पिवळ्याला दोन लागतात, काळ्याला तीन.

सांगाड्याशी कसं लढायचं हे कळलं की अर्धा खेळ कळला. म्हणून आता नीट वाचा. एकाच ठोक्यावर आधी तुमची कृती होते, मग शत्रूची. सांगाडा एक ठोका विश्रांती घेतो, दुसऱ्या ठोक्याला चाल करतो. समजा तो ‘धागे’ आणि ‘नक’ला चाल करतो, ‘नति’ आणि ‘धिन’ला थांबतो. तुमच्या दोघांमध्ये एक फरशी रिकामी आहे आणि त्याची चाल यायची आहे. अशा वेळी तुम्ही पुढे पाऊल टाकलंत तर तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहता आणि त्याच ठोक्याला तो तुम्हाला मारतो. वाड्यातली मुलं दहापैकी नऊ वेळा अशीच मरतात. घाईने, स्वतः चालत जाऊन.

बरोबर क्रम असा. त्याच्या चालीच्या ठोक्याला एक फरशीचं अंतर राहील असं बघा, त्याला शेजारी येऊ द्या. पुढचा ठोका त्याच्या विश्रांतीचा, तो तुमच्या वाराचा. पांढरा तिथेच संपतो. पिवळ्याला लगेच पुढच्या ठोक्याला दुसरा वार. तो चाल करायच्या आधी तुमचा वार पडतो, म्हणून तोही संपतो. काळ्यासाठी सुरक्षित रीत म्हणजे विश्रांतीच्या ठोक्याला एक वार आणि चालीच्या ठोक्याला एक पाऊल मागे. तो पुन्हा शेजारी येऊन उभा राहतो, पुन्हा वार, पुन्हा मागे. मात्र मागे फरशी मोकळी आहे ना, हे आधी बघून ठेवायचं.

तपासा: बार्ड घेऊन पहिला झोन खेळताना प्रत्येक सांगाड्यासमोर मोठ्याने सांगा: “आता थांबेल” किंवा “आता येईल.” सलग दहा वेळा बरोबर आलं की टप्पा संपला.

तळघरात पिंजऱ्यात अडकलेली काही माणसं भेटतात. त्यांतल्या बीस्टमास्टरला सोडवलंत तर बाहेरच्या दालनात तो तुम्हाला भेटलेल्या शत्रूंशी सराव करू देतो. तो सापडला की बार्डपेक्षा तिथे वेळ घालवा, कारण तिथे ठेकाही असतो.

## टप्पा ५: आता केडन्स, ठेका आणि लढाई एकत्र

मुख्य पात्र केडन्स घ्या. पहिल्या दिवसाचं लक्ष्य एवढंच: पहिला मजला संपवणं. नाणी, हिरे, छुप्या खोल्या काही नको.

खोलीत शिरायच्या आधी दारातच दोन-चार ठोके काढा. पण निश्चल उभं राहून नाही. ठोका रिकामा सोडला तरी नाण्यांचा गुणक (मिळणारी नाणी जितक्या पटीने वाढतात तो आकडा) तुटतो आणि त्याहून वाईट म्हणजे हात थंडावतो. दारात मागे-पुढे पावलं टाका, जसं गरब्याच्या रिंगणात शिरायच्या आधी कडेला उभं राहून आपण पाय जुळवून घेतो. तेवढ्या वेळात आत कोण आहे आणि कोण कुठल्या ठोक्याला हलतंय ते बघा.

मग शत्रूंना दारात येऊ द्या. अरुंद वाटेत एका वेळी एकच समोर येतो. मोकळ्या खोलीच्या मधोमध उभं राहून चौघांशी लढणारा शूर दिसतो, पण टिकत नाही.

एक ठोका चुकलाच तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. चुकल्यावर माणूस भरपाई म्हणून पटकन दुसऱ्यांदा दाबतो. तेही चुकतं, मग तिसरं. एका चुकीच्या तीन होतात त्या अशा. चुकलं की एक पूर्ण ‘धागे नति’ तोंडाने म्हणा, की सोडा, आणि ‘नक’च्या ‘न’ला परत या. दोन ठोके गेले तर गेले. शत्रू अगदी शेजारी असेल तर परत येताना पहिली कृती मागे पाऊल, वार नाही.

प्रत्येक मजल्यावर एक मोठा शत्रू असतो आणि तो मेल्याशिवाय जिन्याचं कुलूप उघडत नाही. मिनोटॉर तुमच्या रांगेत आला की सरळ धावत सुटतो. बाजूला व्हा, तो भिंतीवर आदळून गांगरला की वार करा. बॅन्शीचं वेगळं आहे. तिला वार लागला की ती किंचाळते आणि काही वेळ गाणं ऐकूच येत नाही. तिसऱ्या टप्प्यात बोल मोठ्याने म्हणायला का सांगितले ते इथे कळतं. कानातला ठेका गेला तरी तोंडातला चालू राहतो.

गाणं संपत आलं की खालच्या रेघा लाल होतात. तेव्हा नव्या खोलीत शिरू नका, जिन्याकडे वळा. गाणं संपलं तर खेळ तुम्हाला तसाच खालच्या मजल्यावर टाकतो, तयारी असो वा नसो.

सावध: काही फरश्यांवर गाण्याचा वेग बदलणारे सापळे आहेत. पाय पडला की थोडा वेळ ठेका जलद किंवा संथ होतो. तेव्हा पहिला ठोका सोडून द्या, नवा वेग ऐका, मग हात लावा.

## टप्पा ६: नाणी, दुकान, हिरे

ठोका न चुकवता मारत गेलात की नाण्यांचा गुणक वाढतो. ठोका चुकला किंवा मार बसला की तो परत एकवर. गुणक टिकवायच्या नादात मुलं चुकीच्या ठोक्याला पुढे जातात. जीव आणि गुणक यांत निवड आली तर गुणक सोडा.

दुकान शोधायला नकाशा लागत नाही. दुकानदार गाण्याबरोबर स्वतःही गात असतो आणि जवळ जाल तसा त्याचा आवाज मोठा होतो. हेडफोन असतील तर भिंतीपलीकडूनही अंदाज येतो.

शस्त्र घेता आलं तर नवशिक्याने रुंद तलवार घ्यावी, ती समोरच्या तिन्ही फरश्यांवर वार करते. भाला दोन फरश्यांपर्यंत पोचतो, म्हणजे सांगाडा शेजारी यायची वाट बघावी लागत नाही. मी स्वतः भाला घेतो. पण भाला घेतल्यावर अंतराची मोजणी बदलते हे विसरू नका. खंजिराच्या सवयीने पुढे गेलात तर भाल्याचा सगळा फायदा गेला.

हिऱ्यांबद्दल एकच: ते बाहेरच्या दालनात कायमच्या सुधारणांवर खर्च होतात, आणि खर्च न करता पुन्हा तळघरात उतरलात तर जातात. साठवायची वस्तू नाही ती.

## टप्पा ७: वेग वाढतो तेव्हा

दुसऱ्या मजल्यावर १३०, तिसऱ्यावर १४०. पहिला मजला सहज जमणारा मुलगा तिसऱ्यावर गडबडतो, कारण त्याचा हात अजून ११५लाच चालत असतो.

उपाय कीबोर्डच्या बाहेर आहे. फोनवर मेट्रोनोमचं साधं ॲप घ्या. ११५ लावून केरवा म्हणत मांडीवर टाळी द्या, मग १३०, मग १४०, मग पुन्हा ११५. शेवटचं परत खाली येणं फार महत्त्वाचं, कारण मेल्यावर खेळ पुन्हा पहिल्या मजल्यापासूनच सुरू होतो आणि जलद झालेला हात तिथे ठोक्याच्या आधी पडतो. आमच्या वाड्यात मेल्यावर लगेच ‘पुन्हा’ दाबायला बंदी आहे. आधी आठ ठोके टाळी, मग खेळ.

सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. थकलेला हात मागे पडतो आणि मागे पडलेला हात राग आणतो. आम्ही मध्ये सेव-उसळ खाऊन येतो. परतल्यावरचा पहिला डाव बहुतेक वेळा दिवसातला सर्वांत चांगला होतो.

## टप्पा ८: राजा कोंगा

झोनच्या शेवटी वेगवेगळे म्होरके येतात. डेथ मेटलची ढाल समोरून असते, तिच्यावर मारायचं नाही, बाजूने किंवा मागून जायचं. डीप ब्लूजमध्ये बुद्धिबळाची प्यादी-मोहरी चालून येतात. पण ठेक्याची खरी परीक्षा राजा कोंगाकडे आहे.

त्याच्या गाण्यात दर आठवा ठोका नसतो. सात ठोके खेळायचे, आठवा सोडायचा. ज्यांनी नुसतं ‘टक-टक-टक’ शिकलंय ते इथे कोसळतात, कारण त्यांना आठवा कुठला हेच माहीत नसतं. केरवा म्हणणाऱ्याला अडचण येत नाही. दोन आवर्तनं म्हणजे आठ ठोके:

धागे नति नक धिन – धागे नति नक (–)

दुसऱ्या आवर्तनातल्या ‘धिन’ला हात कीबोर्डवरून चक्क वर उचला, जसा तालाची खाली दाखवताना तळवा उलटा करतो. नुसतं मनात ‘सोडायचं’ म्हटलं तर बोट पडतंच. हात उचलला तर पडायला बोटच उरत नाही.

पहिल्या काही फेऱ्यांत राजाकडे जाऊच नका. त्याच्या प्रेतांच्या रांगा वाट अडवतात. त्या मोकळ्या करताना फक्त आठव्याचा मान राखा. सलग चार वेळा आठवा ठोका नीट सुटला की मग पुढे सरका.

तपासा: सात-आठची ही मोजणी मांडीवर, डोळे मिटून, १६ आवर्तनं न चुकता आली पाहिजे. घरात कोणी तबला वाजवणारं असेल तर त्यांना केरवा धरायला सांगा आणि तुम्ही टाळी द्या. शेजारच्या काकांनी एकदा आमच्यासाठी अर्धा तास ठेका धरला, त्या संध्याकाळी दोन मुलांनी पहिल्यांदा राजा पाडला.

## स्वतःची गाणी घालताना

या खेळात आपल्याकडची एमपीथ्री गाणी लावून खेळता येतं. हे कळल्याबरोबर मुलं पहिलं काम करतात ते मैदानातल्या गरब्याचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग घालायचं. तिथे ठेका हळूहळू चढत जातो, टाळ्या आणि लोकांचा गलका मिसळलेला असतो, शिवाय सहा मात्रांची चाल. खेळाला ठोके नीट ओळखता येत नाहीत, रेघा कधी जवळ कधी लांब येतात आणि दोष आपल्या हाताला लागतो.

स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लयीत चालणारं, ढोलक किंवा ड्रमचा ठोका स्पष्ट असलेलं चार किंवा आठ मात्रांचं गाणं निवडा. मेट्रोनोमवर त्याचा वेग काढा. ११० ते १३०च्या दरम्यान असेल तर सुरुवातीला ठीक. लावल्यावर पहिले वीस सेकंद फक्त खालच्या रेघा बघा, या एकाच वेळी त्या बघायची मुभा आहे. रेघा सारख्या अंतराने येत असतील आणि तुमची टाळी त्यांच्यावर पडत असेल तर गाणं ठेवा. एक जरी रेघ अडखळली तरी ते गाणं काढा आणि दुसरं घ्या.